समजणारे शब्द, तोंडातले शब्द

भाषा शिकणाऱ्याकडे शब्दांच्या दोन थैल्या असतात. ऐकून-वाचून समजणाऱ्या शब्दांची मोठी, आपसूक तोंडात येणाऱ्यांची लहान. एकीतून दुसरीत शब्द हुकमाने जात नाहीत.

राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्ग. दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय. डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव. पेशव्याला मुख्य प्रधान म्हटले, तरी अठराव्या शतकात पुण्याहून कारभार हाकला तो पेशव्यांनीच! फडणीस, चिटणीसही टिकले. सचिव मात्र आज मंत्रालयात बसतो, हेही खरे.

शाळेत माझ्या वहीतली ‘तारीख’ खोडून गुरुजींनी ‘दिनांक’ लिहिले. वर म्हणाले, ‘हा तुमच्या घरातला शब्द.’ शब्द चुकल्यापेक्षा ते ‘तुमच्या’ जास्त लागले. घरी अब्बांना सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘शेजारच्या काकू कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात ना, त्यांना विचार आज काय आहे.’

गेलो. काकूंनी भिंतीकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘बारा तारीख. का रे, फी भरायची राहिली?’