तुळईने दिवा किती जवळ येऊ दिला? नगरच्या वाड्यांतील प्रकाशाचा इतिहास

१/
नगर जिल्ह्यातील जुन्या वाड्याच्या सोप्यात उभे राहून वर पाहिले, की पुष्कळदा तुळईच्या मधोमध एक रिकामी लोखंडी कडी लोंबताना दिसते. तिच्या शेजारून सागवानी पट्टीवर ठोकलेली, रंग उडालेली वायर गेलेली असते. अलीकडे नूतनीकरण झालेल्या वास्तूंत तर तुळईतच खाच पाडून एलईडीची पट्टी बसवलेली आढळते. या तीन खुणा तीन काळांच्या आहेत. लाकूड आणि दिवा यांच्यातील अंतर कसकसे घटत गेले, ते या धाग्यात पाहू.

२/
आधी वाड्याची रचना समजून घेतली पाहिजे. दगडी तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. यालाच कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. घराची मापे खणांतच सांगत. पारनेर तालुक्यातील पळशी येथे होळकरांची दिवाणगिरी केलेल्या पळशीकर घराण्याचा वाडा आहे. लाकडी सांगाडा आणि त्यावरील कोरीवकाम किती उंची गाठू शकते, हे तेथे पाहावे.

३/
अशा घरात भार लाकडावर असतो आणि लाकडाचा शत्रू अग्नी. पुण्याच्या शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सुमारे सात दिवस धुमसत होती. आज तेथे तटबंदी, दगडी जोती आणि कारंज्यांचे हौद उरले आहेत. म्हणजे जे दगडाचे होते ते राहिले, जे सागाचे होते ते गेले. वाड्यात दिवा कोठे ठेवायचा हा प्रश्न म्हणूनच शोभेच्या आधी सुरक्षिततेचा होता.

४/
त्याचे पहिले उत्तर म्हणजे दिवळी. जाड भिंतीत सोडलेला छोटा कोनाडा, वर बहुधा महिरप, आत पणती. ज्योतीच्या तिन्ही बाजूंना आणि डोक्यावर माती, वीट किंवा चुना, लाकूड दूर. कोनाड्यामुळे वाऱ्यापासून आडोसाही मिळे आणि चुन्याचा पांढरा पृष्ठभाग उजेड पुढे फेकी. नगरच्या निजामशाही वास्तूंमध्येही भिंतींतील कोनाडे विपुल आहेत. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग महाल पाहिला तर हे ध्यानात येते. दगडचुन्याच्या इमारतीत आणि लाकडी वाड्यात, दोन्हीकडे दिव्याला भिंतीतच जागा मिळाली.

५/
दुसरे उत्तर म्हणजे साखळी. देवघरातील लामणदिवा तुळईला टांगत; पण साखळी अशी लांब ठेवत, की ज्योतीची धग वर पोहोचेपर्यंत निवावी. साखळीमुळे तेल घालणे, वात सारणे हेही हाताच्या टप्प्यात येई. श्रीमंत वाड्यांत पुढे काचेच्या हंड्या आणि झुंबरे आली. रिकामी दिसणारी कडी याच काळाची. तुळईने दिव्याचा भार घेतला, पण त्याला अंगाशी येऊ दिले नाही.

६/
मग लाकडाच्या अगदी जवळ आग कधीच नव्हती काय? होती, चुलीची. इंग्लंडसारख्या थंड देशात भिंतीतील शेकोटीवर जाड आडवी तुळई बसवून तिच्यावर मेणबत्त्या मांडण्याची रीत होती. इंग्रजांबरोबर अशा शेकोट्या महाबळेश्वरच्या बंगल्यांत आल्या. नगरकडच्या माळवदी घरांत मात्र ऊब देण्याचे कामही चुलीकडेच राहिले. धूर माळवदाच्या सवण्यातून बाहेर पडे. वाटेत तुळया काळ्या करी. त्या धुराने लाकूड कोरडे राही आणि किडीचा त्रास कमी होई. आज घासून ‘स्वच्छ’ केली जाणारी ती काजळी म्हणजे त्या घराच्या स्वयंपाकाची नोंद आहे.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आले. ‘रॉक ऑइल’चे आपण रॉकेल केले आणि ‘गॅस लाइट’चे घासलेट. करडई, एरंडी, करंज यांच्या तेलावरची ज्योत मंद असे. काचेच्या चिमणीतील ज्योत प्रखर झाली. कंदील हातात धरून कोठेही नेता येऊ लागला, खुंटीला अडकवता येऊ लागला. दिव्याची ठरलेली जागा सुटली, ती येथे. आणि उलटलेल्या चिमणीने लागलेल्या आगींची भीतीही येथूनच घराघरांत शिरली.

८/
मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८८२ मध्येच विजेच्या दिव्यांनी उजळले होते. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला मिळू लागली. खेड्यांना मात्र वाट पाहावी लागली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत गावोगाव खांब उभे राहिले. नगरच्या अनेक वाड्यांत पहिला बल्ब लागला तो याच काळात.

९/
वायरमनपुढे अडचण होती. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. तुळईत घट्ट बसतो. मग सागवानी पट्टी तुळईवर ठोकायची, तिच्यावर क्लिपांनी वायर आवळायची आणि गोल लाकडी ठोकळ्यावर होल्डर बसवायचा. शतकानुशतके दूर ठेवलेला दिवा असा प्रथमच लाकडाला चिकटला. जुना पिवळा बल्ब नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवतो. तरी निदान वायर डोळ्यांसमोर होती. कोठे तडकली, कोठे उंदराने कुरतडली, ते दिसे.

१०/
त्या वायरी दोन-चार बल्बांपुरत्या होत्या. पुढे त्यांच्यावरच पंखा, मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटर आली. जुने रबरी आवरण कडक होऊन गळते, सांधे सैल होतात, सैल सांधा तापतो. जुन्या वाड्याला आज खरा धोका समईचा नाही, या विसरलेल्या सांध्यांचा आहे.

११/
आता तिसरी खूण, तुळईत कोरलेला दिवा. भाराखाली वाकणाऱ्या तुळईचा वरचा भाग दाबला जातो आणि तळ ताणला जातो. तळाचे तंतूच तिला तारतात, आणि मधोमध हा ताण सर्वाधिक असतो. तुळईची वाकण्याविरुद्धची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२ इंच उंच तुळईच्या तळाला, रुंदीभर, एक इंच खोल आडवी खाच पाडली तर त्या ठिकाणी ताकद सुमारे ८४ टक्के उरते; दोन इंच पाडली तर जेमतेम ६९. लांबीच्या दिशेने कोरलेली अरुंद खाच इतके नुकसान करत नाही. पण कापते ती तेच ताणलेले तंतू.

१२/
‘एलईडी थंड असते, बारा व्होल्टच तर आहेत’ हा युक्तिवादही अर्धाच खरा. ६० वॅटची पट्टी २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते; १२ व्होल्टवर तीच ५ अँपिअर घेते. झटक्याचा धोका घटतो, पण बारीक वायर आणि कच्चा सांधा तापण्याचा धोका वाढतो. आणि हे सारे लाकडाच्या आत, नजरेआड.

१३/
यातून मार्ग निघतो, आणि तो जुन्यांनीच दाखवला आहे. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत घालून तुळईच्या कडेला, न कोरता बसवावी. वीजपुरवठ्याची डबी लाकडात न गाडता हवेशीर, हात पोहोचेल अशा जागी ठेवावी. माळवद नव्याने घालायचे असेल तर वायरीची नळी फळ्यांच्या वरून न्यावी. भोक पाडणे अटळच असेल, तर ते लहान असावे आणि तुळईच्या उंचीच्या मध्यावर असावे. तेथे ताण सर्वांत कमी असतो. दिवळीत मंद दिवा ठेवला तर काहीच कोरावे लागत नाही.

१४/
जिल्ह्यातील कितीतरी वाडे वारसांच्या वाटण्यांत, पावसात आणि वाळवीत ढासळत आहेत. जे कोणी आपला वाडा राखू पाहतात, त्यांचे मोल म्हणूनच मोठे आहे. उजेड हवाच. पण सुताराने जी तुळई अखंड ठेवली, जिच्यापासून पणतीलाही हातभर दूर ठेवले, तिच्यात खाच पाडण्याआधी वर लोंबणारी ती रिकामी कडी एकदा पाहावी. दिवा टांगण्याची सोय तेथे आधीच केलेली आहे.