चार हरणं, एक डोकं: अजिंठ्यातलं पाहणं

सोयगावात येऊन अजिंठ्याबद्दल बोलायचं म्हणजे घरच्या माणसांना त्यांचंच घर दाखवण्यासारखं आहे. लेणी तुमच्या तालुक्यात, नाव मात्र घाटावरच्या, सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावाचं. ही तुमची जुनी तक्रार मला ठाऊक आहे. आज ती बाजूला ठेवू.

माझा प्रश्न साधा आहे. समोरची वस्तू अमुक आहे, हे आपण ओळखतो कसं? नुसत्या डोळ्यांनी, की हातापायांचाही त्यात वाटा असतो?

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत. शरीरं चार, डोकं एकच. ज्या शरीराकडे तुम्ही पाहाल, त्याचं ते डोकं होतं. नजर दुसऱ्या शरीराकडे नेली की पहिलं हरीण बिनडोक्याचं होतं आणि दुसरं मान वळवून बघायला लागतं. दगड तर हललेला नाही. हललो आपण.

युआन श्वांग या चिनी प्रवाशाने सातव्या शतकात महाराष्ट्रातल्या एका डोंगरातल्या विहाराचं वर्णन लिहून ठेवलंय. दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत, असं तो सांगतो. अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचंच मानतात. या विहारात दिङ्नाग पुष्कळदा येऊन राहत असे, असंही त्यात आहे. दिङ्नाग म्हणजे बौद्ध तर्कशास्त्राचा पाया घालणारा माणूस. प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे काय, यावर त्याने आयुष्यभर डोकं घातलं. त्याचं म्हणणं असं की, इंद्रियांना जे मिळतं त्याला अजून नाव नसतं, जात नसते. ‘हे हरीण’ ही जोड मागाहून मन घालतं. नैयायिकांना हे मान्य नव्हतं आणि हा वाद पुढे कित्येक शतकं चालला.

पण मला त्या वादातली दुसरीच गोष्ट सांगायची आहे. दिङ्नागाच्या परंपरेतला धर्मकीर्ती एक दृष्टांत देतो. दोन माणसांना लांबून चकाकी दिसते. दोघांनाही वाटतं, रत्नच आहे. दोघंही धावतात. एकाला दिसलेली चकाकी खरोखर रत्नाची, दुसऱ्याची दिव्याची. काटेकोर पाहिलं तर दोघंही चुकलेत, कारण प्रभा म्हणजे रत्न नव्हे. तरी पहिल्याच्या हाती रत्न लागतं, दुसऱ्याच्या हाती काही नाही. ज्ञान खरं की खोटं याचा निवाडा इथे धावण्यानंतर होतो. आणि गंमत बघा, विरुद्ध गोटातला, न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायनही तेच म्हणतो: ज्ञानावरून केलेली कृती सफळ झाली, की ते ज्ञान प्रमाण. एरवी एकमेकांना दारात उभं न करणारी ही मंडळी इथे एकाच जागी येतात.

मी स्वतः कितीतरी वर्षं वर्गात फळ्यावर एक डोळा काढला, एक घडा काढला, मधे बाण काढला आणि प्रत्यक्ष शिकवलं. त्या चित्रात माणसाला पाय नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

1963 साली अमेरिकेत हेल्ड आणि हाइन या दोघांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल फिरे. दुसरं त्याच यंत्राला जोडलेल्या टोपलीत बसून फिरे. दोघांच्या डोळ्यांपुढून जवळपास तेच सरकत होतं. पण टोपलीतल्या पिल्लाला नंतर कड्याची खोली कळेना, जमिनीजवळ नेलं तर पंजा पुढे येईना. आपल्याकडे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये, बऱ्याच उशिरा दृष्टी मिळालेल्यांना एकमेकांवर आलेल्या आकृती स्थिर चित्रात वेगळ्या करता येत नव्हत्या. आकृती हलवली, की ती सुटी दिसे. डोळा काम करत होता. एक वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे मात्र हालचालीतून उलगडत होतं.

आता पुन्हा लेण्यात या. पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीपुढे दिवा एका बाजूने धरला तर चेहऱ्यावर स्मित दिसतं, दुसरीकडून धरला तर खिन्नता, समोरून धरला तर ध्यान. वाटाडे हे पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आले. आरशाने ऊन आत फेकून भिंत उजळवणारे लोकही माझ्या पिढीने पाहिलेत. रंगांना जपायचं म्हणून आता प्रकाश मंद आणि स्थिर असतो, आडव्या दांड्या असतात. ते आवश्यकच आहे, मी कुरकुर करत नाही. पण ज्या भिंती हातात दिवा घेऊन चालणाऱ्यांसाठी रंगवल्या, त्या आपण आता टोपलीतल्या पिल्लासारख्या पाहतो.

उभ्या उभ्या ओळखण्यात किती फसगत होते, त्याचा नमुना याच लेण्यात आहे. 1879 साली जेम्स फर्ग्युसनने इथल्या एका दरबारी दृश्यातल्या टोप्या, दाढ्या, पोशाख पाहिले आणि जाहीर केलं की हा इराणच्या दुसऱ्या खुस्रोचा वकील दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आलाय. चकाकी मोठी होती. चित्र एकदम तारीखवार इतिहास झालं, पाठ्यपुस्तकांत गेलं. पण लेणं बहुतेक अभ्यासकांच्या मते पाचव्या शतकातलं, वाकाटक हरिषेणाच्या काळातलं; पुलकेशी सातव्या शतकातला. डीटर श्लिंगलॉफ यांनी चित्रं बौद्ध कथांशी तपशीलवार ताडून पाहिली, तेव्हा तिथे महासुदर्शन राजाची कथा निघाली. फर्ग्युसन काही अडाणी नव्हता. टोप्या त्याने नीट ओळखल्या होत्या. ती ओळख घेऊन पुढे, शेजारच्या प्रसंगापर्यंत चालत जायचं तेवढं राहिलं.

उद्या तुमच्यापैकी काहीजण फर्दापूरहून लेण्यांत जाणार आहेत, असं मघाशी कळलं. त्या हरणांपुढे जरा थांबा. फोटो नंतर काढा. आधी एक डोळा मिटा, तळहात पुढे धरून तीन शरीरं झाका, मग हात हळूहळू सरकवा. डोकं कोणत्या क्षणी दुसऱ्याचं होतं ते पाहा आणि मला कळवा. माझ्या लक्षात तो क्षण अजून एकदाही आलेला नाही.