अध्यारोपण प्रमेय (विद्युत् मंडले)

अनेक उद्गम असलेल्या रैखिक विद्युत् मंडलाचे विश्लेषण करण्याचे मूलभूत प्रमेय. ‘सुपरपोझिशन थिअरम’ या नावाने अधिक परिचित. अशा मंडलाच्या कोणत्याही शाखेतील प्रवाह, किंवा दोन बिंदूंमधील दाब, हा प्रत्येक स्वतंत्र उद्गम एकटा कार्यरत असताना मिळणाऱ्या मूल्यांच्या बैजिक बेरजेइतका असतो.

इतिहास : कंप पावणाऱ्या तारेच्या संदर्भात डॅनियल बेर्नुली यांनी १७५३ मध्ये अध्यारोपणाची कल्पना मांडली होती, ऑयलर यांनी तिच्या व्यापकतेवर आक्षेप घेतला. विद्युत् प्रवाहांसाठी हे तत्त्व हेरमान हेल्महोल्ट्स यांच्या १८५३ च्या निबंधात स्पष्ट स्वरूपात आढळते. प्राण्यांच्या ऊतींमधील विद्युत् हा त्या निबंधामागील विषय होता. थेवेनिन यांनी १८८३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली सममूल्य उद्गमाची कल्पनाही त्यात आहे.

आधार : किरखोफ यांच्या नियमांवरून (१८४५) मिळणाऱ्या समीकरणांतील सहगुणक केवळ रोधांवर अवलंबून असतात, उद्गमांची मूल्ये समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला एकघात रूपात येतात. त्यामुळे उत्तराचे उद्गमनिहाय भाग पाडता येतात.

कार्यपद्धती : एक उद्गम ठेवून बाकीचे निष्क्रिय करतात. दाब उद्गमाच्या जागी शॉर्ट, तर प्रवाह उद्गमाच्या जागी ओपन धरतात. अंतर्गत रोध मात्र जागेवर राहतो. प्रवाहाची धन दिशा आरंभीच ठरवून शेवटपर्यंत तीच पाळतात.

उदाहरण : १२ व्होल्टचा उद्गम २ ओहममधून आणि ६ व्होल्टचा उद्गम ३ ओहममधून एकाच बिंदूला जोडला आहे. त्या बिंदूपासून उद्गमांच्या सामाईक ऋण टोकापर्यंत ६ ओहमचा भार आहे. १२ व्होल्ट एकटा असताना ३ व ६ ओहम समांतर येऊन २ ओहम होतात; एकूण रोध ४ ओहम, प्रवाह ३ अँपिअर. त्यातील १ अँपिअर भारातून व २ अँपिअर ३ ओहममधून जातो. ६ व्होल्ट एकटा असताना २ व ६ ओहम मिळून १.५ ओहम; एकूण ४.५ ओहम, प्रवाह १.३३ अँपिअर, पैकी भारातून ०.३३. म्हणून भारातील प्रवाह १.३३ अँपिअर व दाब ८ व्होल्ट. ३ ओहमच्या शाखेत दोन प्रवाह परस्परविरुद्ध असल्याने वजाबाकी होते : ०.६७ अँपिअर ६ व्होल्टच्या उद्गमात शिरतो, म्हणजे तो उद्गम शक्ती घेतो. विद्यार्थ्यांची चूक बहुधा याच चिन्हात होते.

मर्यादा : शक्ती प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिला प्रमेय लागू नाही. वरील भारात सुटी उत्तरे ६ व ०.६७ वॉट, प्रत्यक्ष शक्ती १०.६७ वॉट. डायोड, संपृक्त गाभ्याचे रोहित्र, विद्युत् ठिणगी यांसारख्या अरैखिक घटकांनाही प्रमेय लागू पडत नाही. परावलंबी उद्गम सामान्यतः निष्क्रिय करत नाहीत; याबाबत वेगळी मांडणीही झाली आहे.

प्रत्यावर्ती मंडले : रोधाऐवजी संरोध घेतात. उद्गमांच्या कंप्रता भिन्न असतील तर सदिशांची बेरीज करता येत नाही. प्रत्येक उत्तर कालफलनाच्या रूपात आणून मग बेरीज करतात. अशा वेळी मात्र सरासरी शक्तींची बेरीज करता येते.

वीजप्रणालीतील उपयोग : प्रमेयाचे खरे महत्त्व येथे दिसते. हाताने सोडवताना या पद्धतीने आकडेमोड पुष्कळदा वाढते. पण कोणत्या उद्गमाचा वाटा किती, हे अन्य पद्धतींत इतके सरळ कळत नाही. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये असंतुलित त्रिकला राशींचे धन, ऋण व शून्य क्रमाच्या घटकांत विभाजन केले. त्या घटकांची उत्तरे पुन्हा एकत्र करण्यास अध्यारोपणाचाच आधार आहे. दोषविश्लेषणात दोषस्थानी पूर्वीच्या दाबाइतका पण विरुद्ध उद्गम कल्पून, इतर उद्गम निष्क्रिय करून प्रवाह काढतात व ते दोषपूर्व प्रवाहांत मिळवतात. व्यवहारात दोषपूर्व भारप्रवाह अनेकदा दुर्लक्षित करतात. सर्किट ब्रेकरची क्षमता व रिलेची मांडणी या आकड्यांवरून ठरते.

इलेक्ट्रॉनिकी : ट्रान्झिस्टर अरैखिक असला तरी लहान संकेतापुरता तो रैखिक मानता येतो; म्हणून प्रवर्धकातील एकदिश बायस व लहान संकेत यांचे विश्लेषण वेगवेगळे करून उत्तरे एकत्र करतात.