टोंगा : दूरसंचार व प्रसारण
दक्षिण पॅसिफिकमधील या बेटराष्ट्राचे इंटरनेट पूर्वी उपग्रहांवर चाले. २०१३ पासून त्याची मदार फिजीपर्यंतच्या सुमारे ८२७ किमी. लांबीच्या एकाच सागरी केबलवर आली. १५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा–हुंगा हापाई या समुद्रतळाच्या ज्वालामुखीचा उद्रेक होऊन ती तुटली आणि देशाचा जगाशी संपर्क जवळजवळ थांबला. दुरुस्तीला सुमारे पाच आठवडे लागले. वावाऊ व हापाई बेटसमूहांकडे जाणाऱ्या अंतर्गत केबलला त्याहून कितीतरी अधिक. पर्यायी मार्ग न ठेवण्याची किंमत अशी मोजावी लागली. दूरध्वनी सेवा सरकारी टोंगा कम्युनिकेशन्स कॉर्पोरेशन व खासगी डिजिसेल पुरवतात, देशसंकेतांक ६७६. विखुरलेल्या बेटांवर वादळाचा इशारा पोचवण्यात १९६१ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ टोंगाचे महत्त्व टिकून आहे.