नगर सोडल्यावर ‘नगरकर’ : एका आडनावाचा प्रवास

१/
पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातील मुले मला ‘नगरकर’ म्हणू लागली. माझे आडनाव निराळे आहे. नगरमध्ये वीस वर्षे राहूनही मला कोणी या नावाने हाक मारली नव्हती. हाक मारण्याची ही साधी सवय आणि मराठी आडनावांची घडण यांचा संबंध फार जवळचा आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की ‘त्या गावचा’ असा अर्थ होतो. नगर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर आडनावांची रांगच उभी राहते : संगमनेरकर, जामखेडकर, नेवासकर, पारनेरकर, राहुरीकर, कोपरगावकर. पुणतांब्यावरून पुणतांबेकर आणि राशीनवरून राशीनकर. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यांतील दोन नावे परिचित असतील : इतिहास व राज्यशास्त्राचे अभ्यासक श्री. व्यं. पुणतांबेकर आणि पुरातत्त्वज्ञ अरविंद जामखेडकर.

३/
परंतु जेथे सगळेच नगरचे, तेथे एकालाच ‘नगरकर’ म्हणून कोणाची ओळख पटणार? हे नाव उपयोगी पडते ते माणूस परक्या ठिकाणी गेल्यावर. म्हणून ‘कर’ लागलेले आडनाव बहुधा स्थलांतराची खूण असते. कुटुंब कोठे राहते यापेक्षा ते कोठून निघाले, हे त्यात नोंदलेले असते. व्यापार, चाकरी, वतन, दुष्काळ, शिक्षण यांपैकी कोणत्या कारणाने निघाले, हे मात्र आडनाव सांगत नाही.

४/
ही रीत केवळ आपली नाही. जर्मन भाषेत शहराच्या नावाला ‘अर’ जोडतात. व्हिएन्नाचा तो ‘वीनर’, बर्लिनचा तो ‘बर्लिनर’. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर जन्मला हॅनोव्हरमध्ये आणि नावारूपास आला अमेरिकेत. आडनावात मात्र बर्लिन राहिले. इंग्लंडमध्येही ‘लिंकन’, ‘यॉर्क’ ही गावे आडनावे झाली आणि मध्ययुगाच्या अखेरीस बहुतेक घराण्यांत ती स्थिरावली.

५/
आपल्याकडे ही स्थिरता पुष्कळ उशिरा आली. जुन्या कागदांत माणसाची ओळख स्वतःचे नाव, बापाचे नाव, हुद्दा आणि गाव यांवरून पटते. एकाच घराण्यातील एक शाखा वतनावरून कुलकर्णी किंवा देशपांडे आणि दुसरी गावावरून अमुककर, असेही घडे. शाळेचा दाखला, पलटणीची यादी, सरकारी नोकरीचे दप्तर यांनी इंग्रजी अमदानीत आडनावाचा रकाना पक्का केला. त्या वेळी जे नाव लिहिले गेले, तेच पुढे बहुधा वंशपरंपरेने चालले.

६/
आता ‘नगर’ या शब्दाकडे वळू. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात सीना नदीकाठी शहर वसवले. नाव अहमदनगर : अरबी व्यक्तिनामाला संस्कृत ‘नगर’ जोडून झालेला शब्द. बोलताना लोकांनी त्यातला उत्तरार्ध तेवढा ठेवला. नगरला जातो, नगरचा बाजार, नगरचा किल्ला. आडनावानेही तोच उचलला. ‘अहमदनगरकर’ म्हणायला लांबलचक. रूढ झाले ते ‘नगरकर’.

७/
हे आडनाव पाटील, जाधव किंवा शिंदे यांच्यासारखे जागोजागी भेटत नाही. तरी त्याचा प्रवास लांबचा आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच परिषदेत मुंबईच्या ब्राह्मो समाजातर्फे बी. बी. नगरकर उपस्थित होते. त्यांचे नातू म्हणजे कादंबरीकार किरण नगरकर (१९४२–२०१९). त्यांचा जन्म मुंबईचा. पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत. साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो इंग्रजी कादंबरीला.

८/
दुसरे प्रसिद्ध नगरकर म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’मधून गाजलेले विनोदी नट राम नगरकर. ते नाभिक समाजातले. ‘रामनगरी’ या आत्मकथनात त्यांनी आपले जगणे हसतहसत मांडले आणि १९८२ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. दोन कुटुंबे, दोन सामाजिक जगे, आडनाव एकच. कारण गाव एखाद्या जातीच्या मालकीचे नसते. ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारून जात हुडकणाऱ्याला ‘कर’ खात्रीचे उत्तर देत नाही. आडनावावरून गोत्र आणि कुळ सांगणाऱ्या तयार याद्या वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

९/
तमाशाच्या फडात तर ‘कर’ बिरुदासारखा मिरवतो. पवळाबाई हिवरगावकर संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील. कांताबाई सातारकर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. जन्म गुजरातेतला, नाव साताऱ्याचे, आयुष्याचा मोठा काळ संगमनेरात. पती तुकाराम खेडकर, म्हणून पुत्र रघुवीर खेडकर. एकाच घरात दोन गावे नांदली आणि घर होते तिसऱ्याच गावात.

१०/
आता वर्तमानाकडे. ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे नामांतराची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडीच्या माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. होळकर हे त्यांचे सासरचे आडनाव. तेही नीरा नदीकाठच्या होळ गावावरून आलेले. मल्हाररावांचे बालपण खानदेशात मामाकडे गेले, राज्य माळव्यात उभे राहिले, अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार केला; होळ मात्र नावातून सुटले नाही. माळव्याच्या सत्ताधीशांनी अखेरपर्यंत एका लहान गावाचे नाव धारण केले.

११/
नामांतरानंतर एका मित्राने मला थट्टेने विचारले, “आता नगरकरांचे काय होणार?” काहीच होणार नाही. ‘अहमद’ त्या आडनावात कधी नव्हता, ‘अहिल्या’ही त्यात शिरण्याची गरज नाही. शहराचे अधिकृत नाव राज्यकर्ते ठरवतात, आडनावातले नाव लोकांच्या जिभेवर ठरते. नामांतराच्या वादात दोन्ही बाजूंनी इतिहासाच्या नावे पुष्कळ आवाज झाला. त्या गदारोळात, दोन्ही नावांत टिकून राहिलेल्या ‘नगर’ या शब्दाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

१२/
शेवटी एक सावधगिरी. आडनाव हा धागा आहे, पुरावा नव्हे. एकाच नावाची गावे अनेक असतात आणि आडनावे बदललीही जातात. आपल्या ‘कर’ची खात्री करायची असेल, तर घरातील जुने दाखले, जमिनीचे उतारे, मोडी कागद पाहावेत. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. त्यांत गाव आणि आडनाव शेजारी शेजारी सापडण्याचा संभव असतो. त्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारावे : आपण कोठून आणि का निघालो? हा प्रश्न वेळेवर विचारला नाही, तर आडनाव उरते आणि त्यातली गोष्ट जाते.

१३/
मी अजून पुण्यातच आहे. मुले ‘नगरकर’ म्हणतात आणि मी ओ देतो. दोनशे वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या कोणाला तरी अशीच पहिली हाक ऐकू आली असेल. त्यानेही ओ दिली असेल आणि पुढे तेच त्याच्या नातवंडांचे आडनाव झाले असेल.