हेडलाईट बल्ब, मोटरसायकलचा (बदली)

दुचाकीच्या पुढच्या दिव्यातला मूळ बल्ब उडाल्यावर किंवा त्याचा उजेड पुरेनासा झाल्यावर त्या जागी बसवायचा बल्ब. बाजारात त्याचे ढोबळ तीन प्रकार मिळतात : मूळ मापाचा हॅलोजन, जास्त वॉटचा किंवा ‘जास्त उजेडाचा’ हॅलोजन आणि एलईडी. झेनॉन हा चौथा प्रकार मध्यंतरी हौशी मंडळींत चालला. त्याला वेगळा बॅलास्ट लागतो, पूर्ण पेटायला काही सेकंद जातात आणि डिपरवरही तो समोरच्याचे डोळे दिपवतो. त्याचा इथे विचार केलेला नाही.

कुठला बल्ब बरा हे रस्ता कोणता आणि गाडी कोणती यावर ठरते. म्हणून ही नोंद पिंपळगाव राजा (ता. खामगाव, जि. बुलढाणा) आणि तिथून खामगाव, नांदुरा, मोताळ्याकडे जाणारे रस्ते, तसेच तिथे सर्रास दिसणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या धरून लिहिली आहे. हा कापूस-सोयाबीनचा पट्टा; ओलिताखाली रब्बीचा हरभरा नि गहू. शेतीपंपाची थ्री-फेज लाईन पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला, बारे द्यायला माणूस अंधारातच गाडी घेऊन वावरात निघतो. रस्त्यात आडवे येणारे रोही आणि रानडुक्कर, मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, कापसाने भरलेली बैलगाडी, कडेने चालणारी माणसे हे सगळे वेळेत दिसावे लागते. बुलढाणा–खामगाव रस्ता तर बोथ्याजवळ ज्ञानगंगा अभयारण्यातूनच जातो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे सरकते. जनावर दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर पंचवीस मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी तेवढे लागतात. म्हणजे पन्नासेक मीटरपर्यंत नीट दिसत नसेल तर तो वेग त्या दिव्याला झेपणारा नाही, बल्ब कोणताही असो.

शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत एचएस१ या मापाचा ३५/३५ वॉटचा हॅलोजन असतो. हिरोच्या स्प्लेंडर प्लसमध्ये वर्षानुवर्षे हाच होता. एका काचेत दोन तारा, एक अपरची, एक डिपरची. बुलेटच्या जातीच्या मोठ्या गाड्यांत आणि मोटारींत ६०/५५ वॉटचा एच४ येतो. हे माप १९७१ मध्ये युरोपात आले. जुन्या स्कूटरींत ‘एस२’ हा दोन खिट्ट्यांचा बल्ब सापडतो, तर काही मोपेड-स्कूटरींत ‘एम५’ नावाने मिळणारा अरुंद बल्ब. एकाच्या होल्डरात दुसरा बसत नाही, म्हणून दुकानात गाडीचे नाव सांगण्यापेक्षा जुना बल्ब काढून नेलेला बरा; त्याच्या बुडाच्या चकतीवर माप छापलेले असते. मानकाप्रमाणे १३.२ व्होल्टला एचएस१ अपरवर सुमारे ८२५ आणि डिपरवर ५२५ ल्युमेन उजेड देतो, एच४ सुमारे १६५० आणि १०००. आकडा दुप्पट आहे, पण खर्चही तसाच : १२ व्होल्टला पस्तीस वॉट म्हणजे तीन अँपिअरच्या आत, साठ वॉट म्हणजे पाच अँपिअर.

या तुलनेत सगळ्यात दुर्लक्षित राहते ते व्होल्टेज. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज पाच टक्के घटले की उजेड सोळा टक्के घटतो. एखाद्या गाडीत इंजिन चढ्या आरपीएमवर असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट मिळाले आणि बल्ब पेटता ठेवून होल्डरच्या पिनांवर १२.४ मिळाले, तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेत मुरला. टक्केवारीने तो दहाच, पण उजेडात तीस टक्क्यांचा फटका. तो खातात डिपर स्विचमधले काजळलेले पॉइंट, गंजलेला अर्थ, होल्डरची सैल झालेली पिन आणि पावसाने हिरवट पडलेला जोड. मालक म्हणतो ‘बल्ब मंद आहे, मोठा टाका’, आणि गॅरेजवाला टाकून देतो. मीटर लावून आधी हा दीड व्होल्ट शोधावा. पॉलिश पेपर, नवा होल्डर नि जाड अर्थ वायर एवढ्यात बहुधा काम भागते. उलट बाजूही आहे : व्होल्टेज पाच टक्के जास्त राहिले तर तारेचे आयुष्य अर्ध्यावर येते. दर दोन महिन्यांनी बल्ब उडत असेल तर दोष बल्बाच्या कंपनीचा नसून रेग्युलेटरचा (आरआर युनिटचा) असण्याची शक्यता मोठी.

जुन्या छोट्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. त्यांचा हेडलाईट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेट कॉइलच्या एसी विजेवर थेट चालतो. म्हणून चौकात गाडी उभी राहिली की दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की फुलतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर, जिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, तिथेच उजेड सगळ्यात कमी. यावर गॅरेजमधला उपाय ‘फुल डीसी’ करण्याचा : कॉइल आणि आरआर युनिट बदलून दिवा बॅटरीवर आणायचा. काम नीट झाले तर फरक मोठा पडतो. कॉइल तीच ठेवून नुसती वायर बॅटरीला जोडली तर मात्र किकच्या गाडीतली अडीच-तीन अँपिअर-अवरची बॅटरी काही दिवसांत बसते, कारण चार्जिंगपेक्षा खर्च जास्त होतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनासोबत आपोआप पेटणारा हेडलाईट सक्तीचा झाला. तेव्हापासून बल्ब दिवसाही जळतो, आणि रात्री क्वचित फिरणाऱ्यालाही तो पूर्वीपेक्षा लवकर बदलावा लागतो.

जास्त वॉटचा हॅलोजन, म्हणजे ३५ च्या जागी बुडाच्या चकतीत किरकोळ फेरफार करून बसवलेला ६०/५५ किंवा ‘रॅली’ म्हणून विकला जाणारा १००/९०, हा छोट्या गाडीत सरळ तोट्याचा व्यवहार आहे. शंभर वॉटला आठ अँपिअरच्या वर करंट लागतो. बारीक वायरीत तेवढ्यानेच आणखी व्होल्टेज पडते, होल्डर तपकिरी होऊन ठिसूळ बनतो, प्लास्टिकच्या डूमचा रिफ्लेक्टर काळवंडतो. काळवंडलेल्या रिफ्लेक्टरमध्ये पुन्हा मूळ बल्ब टाकला तरी पहिला उजेड परत येत नाही. ज्यांच्या गाडीत मुळातच एच४ आहे त्यांनी ६०/५५ वरच राहून रिले टाकावा. ‘शंभर टक्के जास्त उजेड’ असे छापलेल्या त्याच वॉटच्या महाग हॅलोजनमध्ये थोडे तथ्य आहे. त्यांची तार जास्त तापवलेली, बारीक गुंडाळलेली असते, त्यामुळे झोताचा मधला भाग उजळतो. तो टक्का मात्र रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूंवर, किमान मानकाशी तुलना करून काढलेला असतो. एकूण उजेड दुप्पट होत नाही, आणि आयुष्य कमी होते. निळसर काचेचे बल्ब पांढरे दिसावेत म्हणून रंगवलेले असतात. तो रंग उजेडच अडवतो. ते घेऊ नयेत.

एलईडीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, ज्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. वीस वॉटात हॅलोजनच्या दुपटीहून जास्त उजेड, धक्क्यांनी तार तुटण्याची भीती नाही, आयुष्य लांब. मग अडते कुठे? रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा एका बारीक तारेच्या ठरलेल्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेली, जरा रुंद आणि तारेच्या जागेपासून मिलिमीटरभर सरकलेली असली तरी झोत फिसकटतो. भिंतीवर डिपर पाडून पाहिला की दोष उघडा पडतो : हॅलोजनच्या उजेडाला वर स्पष्ट कड असते, तर सुमार एलईडीचा उजेड कडेच्या वर सांडतो आणि गाडीच्या अगदी पुढ्यात पांढरा डाग पडतो. हा डाग स्वाराला फसवतो. पुढ्यातले लख्ख दिसते, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि चाळीस-पन्नास मीटरवरचा रोही आणखी काळोखात जातो. समोरून येणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. त्यातून जुन्या एसी गाडीत एलईडी लुकलुकतो किंवा लवकर मरतो.

खोक्यावरचे वॉट हा वेगळाच विनोद आहे. ‘१२० वॉट’ छापलेल्या बल्बाच्या वायरीत अँपिअर मीटर घातला की दीड-पावणेदोन अँपिअर दिसतात, म्हणजे वीसेक वॉट. एवढ्या लहान बुडाला शंभर वॉटची उष्णता बाहेर टाकता येतच नाही. एलईडीची उष्णता पुढे न जाता मागच्या हीटसिंकमध्ये साठते. त्याचा छोटा पंखा धुळीने अडला की चिप मंदावते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांतल्या कच्च्या वाटांवर धुळीला तोटा नसतो. हीटसिंकसाठी मागचे रबरी बूट कापले तर पहिल्याच पावसात डूममध्ये पाणी.

कायद्याची बाजू ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही. भारतात बल्बांची मान्यता एआयएस-०३४ या मानकाने होते. पुण्याची १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांच्या अशा तपासण्या करणारी प्रमुख संस्था. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये डोळे दिपण्याचे मापही दिले आहे : दिव्यापासून आठ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. हेच नियम १५५ मीटरपर्यंतची माणसे-वाहने दिसावीत अशीही अपेक्षा करतात. पस्तीस वॉटच्या डिपरकडून ती पुरी होत नाही, हे रात्री फिरणारा कुणीही सांगेल. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बांना मान्यता मिळाली, तीही तपासून ठरवलेल्या वाहनांपुरती. शहाणपणाची वाट ती दिसते.

पिवळा उजेड धुक्या-धुळीला भेदतो ही समजूत पक्की आहे. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. हॅलोजन धुक्यात सुसह्य वाटतो त्याचे मोठे कारण त्याचा झोत खाली राहतो हे आहे, आणि पिवळसर चमक डोळ्यांना कमी टोचते हेही.

बल्ब बदलल्यावर झोत लावून घेणे हा कामाचाच भाग आहे. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी सरळ उभी करून स्वाराने वर बसावे; बल्बाच्या उंचीची खूण भिंतीवर करून डिपरची वरची कड त्या खुणेच्या दहा ते वीस सेंटिमीटर खाली ठेवावी. मागे ४५ किलोची युरियाची गोणी बांधली की गाडीचे नाक वर उठते आणि हाच झोत समोरच्याच्या तोंडावर जातो, तेव्हा रोज ओझे वाहणाऱ्याने गोणी ठेवूनच तो लावावा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापून काच तिथे तडकते. लागलेच तर स्पिरिटने पुसावे.

मूळ मापाचा चांगल्या कंपनीचा एचएस१ शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पिंपळगाव राजाच्या वाटांवरच्या छोट्या गाडीसाठी साफ वायरिंग, चकाकता रिफ्लेक्टर आणि हा बल्ब एवढी जुळणी बाजारातल्या बहुतेक एलईडींपेक्षा सरस ठरते. एक बल्ब डिकीत जास्तीचा ठेवावा, कापडात गुंडाळून. नव्या गाड्यांत मात्र हा प्रश्नच उरेनासा होत चालला आहे : २०२४ च्या स्प्लेंडर प्लस एक्सटेक २.० सारख्या गाडीचा हेडलाईट मुळातच एलईडीचा असतो. त्यातले रिफ्लेक्टर आणि लेन्स एलईडीसाठीच घडवलेले असतात, आणि तो बिघडला की बल्ब न बदलता बहुधा सगळे युनिटच बदलावे लागते.