व्हॉइसएक्सएमएल : कॉलप्रवाह नियंत्रण
यंत्राशी चाललेला दूरध्वनी संवाद पुढे कोणत्या वाटेने जाईल, हे लिहून ठेवण्याची पद्धत. मलकापुरात (ता. कराड, जि. सातारा) बत्ती गुल झाली की १९१२ फिरवणाऱ्या वीजग्राहकाच्या कानावर ‘मराठीसाठी अमुक दाबा’ छापाच्या सूचना येतात. असे संवाद लिहिण्याची प्रमाणभाषा म्हणजे व्हॉइसएक्सएमएल; तिची २.० आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने मार्च २००४ मध्ये शिफारस म्हणून मान्य केली.

‘मेनू’मध्ये दाबलेल्या अंकानुसार वाट फुटते. ‘फॉर्म’ची तऱ्हा निराळी : त्यातील पहिला रिकामा रकाना यंत्र शोधते, त्याचा प्रश्न विचारते, उत्तर भरले की पुन्हा पहिल्यापासून रिकामा रकाना शोधते. प्रश्नांचा क्रम त्यामुळे हाताने बांधावा लागत नाही. ‘गोटू’ दुसऱ्या संवादात उडी मारते आणि परतत नाही. ‘सबडायलॉग’ मात्र काम उरकून मूळ जागी येतो. ग्राहक क्रमांक विचारण्यासारख्या वारंवार लागणाऱ्या कामाला दुसराच बरा.

खरी कसोटी गप्प बसणाऱ्या किंवा भलतेच बटण दाबणाऱ्या माणसापाशी लागते. त्यासाठी ‘नोइनपुट’ आणि ‘नोमॅच’ या घटना आहेत. दोन्हींना मोजणी लावता येते : पहिल्या वेळी प्रश्न पुन्हा, दुसऱ्या वेळी सविस्तर सूचना, तिसऱ्या वेळी ‘ट्रान्सफर’ने माणसाकडे. ही तिसरी पायरी गाळली, की तक्रारदार त्याच मेनूत गरगरत राहतो. दोष भाषेचा नव्हे, लिहिणाऱ्याचा. मध्येच फोन ठेवला गेल्यासही वेगळी घटना उद्भवते. अर्धवट नोंद जपायची की टाकायची, ते तिथे ठरते.